भाजीची वाडी, गटाची शाळा

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



दिवेलागणीची वेळ आहे. कोणी चुलीपाशी असाल, कोणी आताच वावरातून आल्या असाल. हातातलं काम चालू द्या, फक्त कान इकडे असू द्या.

आम्ही म्हणजे बारा जणींचा बचत गट. नागपूरहून उमरेडच्या बाजूला बसने तासाभरावर आमचं गाव. आमच्यात कोणी चौथी शिकलेली आहे, कोणी गटात आल्यावर सही शिकलेली आहे, आणि गटाचं काम पाहणारी एक बी.ए. झालेली आहे. आज माइकसमोर ती बसली आहे, पण बोलणं बाराही जणींचं आहे.

तीन वर्षांपूर्वी गटाच्या बैठकीत आम्ही एकमेकींना एक साधा प्रश्न विचारला : आज घरी भाजी काय केली? बारा जणींपैकी पाच जणींनी सांगितलं, बटाटा. चौघींनी सांगितलं, वरण आणि चटणी. एकीने बेसन सांगितलं. हिरवी भाजी फक्त दोघींच्या घरी होती, आणि तीही बाजाराच्या दिवशी आणलेली, चौथ्या दिवसाची, सुकलेली. मग आम्ही गप्पच झालो. कारण आम्ही सगळ्या शेतकऱ्यांच्या आणि शेतमजुरांच्या घरच्या. आमच्या चारी बाजूंना वावरं. पण वावरात कापूस, सोयाबीन, तूर. भाजी मात्र नागपूरच्या कॉटन मार्केटातून नाहीतर कळमन्यातून निघते, बाजारकऱ्याच्या गाडीत बसते आणि आमच्या गावात येते. शेतकऱ्याची बाई सांबाराची जुडी पैसे देऊन घेते आणि ती दोन दिवस पुरवते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सांगितलं आहे की मोठ्या माणसाने दिवसाला ४०० ग्रॅम भाजी खावी, आणि त्यात बटाटा मोजायचा नाही. आम्ही वहीवर हिशेब मांडला. घरात चार मोठी माणसं असली तर रोज दीड किलोच्या वर, म्हणजे आठवड्याला ११ किलो. आमच्याकडे बाजाराच्या पिशवीतून येत होती दोन-अडीच किलो. ती आधी पुरुषांच्या ताटात, मग पोरांच्या, आणि राहिलीच तर आपल्या. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायांपैकी ५४ जणींचं रक्त कमी निघालं. नुसत्या भाजीने रक्त भरत नाही, लोहाच्या गोळ्याही घ्याव्या लागतात. पण शेवग्याचा पाला, चवळई, मेथी ताटात असावी, वरून लिंबू पिळावं, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं, हे आम्हाला आशाताईंनी पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. ऐकलं सगळ्यांनी, पण पाला आणायचा कुठून?

मग प्रश्न आला, घरी परसबाग का नाही लावत? कोणी म्हणालं जागा नाही, कोणी म्हणालं शेळ्या खातात, कोणी म्हणालं पाणी नाही. सगळं खरं होतं. पण आमच्यातल्या वयाने मोठ्या मावशी जे बोलल्या, ते इतिवृत्ताच्या वहीत आम्ही तसंच लिहून ठेवलं आहे. त्या म्हणाल्या, “चाळीस वर्षं मी निंदलं, खुरपलं, कापूस वेचला. पण बी कुठं टाकायचं, कोणतं टाकायचं, हे मले कोणी इचारलंच नाही. आता लावतो म्हटलं आणि नाही उगवलं, तर घरचे काय म्हणतीन?”

बहिणींनो, खरी अडचण ही होती. काम आम्हाला येत होतं. ठरवायची सवय नव्हती, आणि चुकायची मोकळीक नव्हती. एकटीने लावलं आणि वाया गेलं तर घरात वर्षभर ऐकावं लागतं. म्हणून आम्ही ठरवलं की घरोघरी नंतर, आधी सगळ्या मिळून एका जागेवर शिकू.

जागेचं काम कागदावर केलं, हे तुम्हीही लक्षात ठेवा. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. बऱ्याच गावांत ती नुसती सह्यांवर उरकते. आम्ही बाराही जणी त्या सभेला गेलो, दुसऱ्या गटाच्या बायांनाही नेलं, आणि अंगणवाडीमागची पाच गुंठे पडीक जागा भाजीच्या वाडीसाठी मागितली. ग्रामसभेत ठराव झाला : तीन वर्षांसाठी, आणि अंगणवाडीच्या पोरांना भाजी देण्याच्या अटीवर. ठरावाची नक्कल आम्ही गटाच्या पेटीत ठेवली. तोंडी ‘करा हो बाई’ यावर कुदळ मारू नका. जमीन नीट झाल्यावर ती बऱ्याच जणांच्या डोळ्यांत भरते.

वाडीला पऱ्हाट्या, तुराट्या आणि बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. पाणी जवळच्या विहिरीचं. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सात ते साडेआठ अशी वेळ ठरवली, म्हणजे कोणाची मजुरी बुडायला नको. पाणी द्यायच्या पाळ्या वेगळ्या लावल्या.

आता पहिल्या वर्षी काय झालं ते सांगतो. मृग लागला आणि आम्ही भेंडी, गवार, पालक, भेदरं, मिरची, सगळं एकदमच पेरलं. जमीन सपाट ठेवली, बी मुठीने फेकलं. चार बोटं रोप वर आलं आणि आम्हाला आनंद झाला. जुलैत झड लागली. तीन दिवस सूर्य दिसला नाही. चौथ्या दिवशी वाडीत गेलो तर पाणी साचलेलं, पालक सडलेला, भेदऱ्या-मिरचीची रोपं देठाशी काळी पडून आडवी झालेली. पारावरचे लोक म्हणाले, “बायांची वाडी वाहून गेली.”

त्या दिवशी बैठकीत तोंडं उतरलेली होती. मग सचिवताईंनी हिशेब वाचला. बियाण्याला ६०० रुपये लागले होते. बारा जणींत वाटले तर एकीला ५० रुपये. आणि मग एक ताई हसून म्हणाली, “म्हणजे घरी सांगायची गरजच नाही!” सगळ्या हसल्या. तेव्हा आम्हाला कळलं की नुकसान वाटून घेतलं की ते पेलण्याएवढं होतं. आणि पेलण्याएवढं झालं की माणूस ‘कोणाचं चुकलं’ हे सोडून ‘काय चुकलं’ हे विचारतो.

काय चुकलं ते आम्ही कृषी सहायकांना विचारलं, गावातल्या जुन्या माळीकाम केलेल्या बाबांनाही विचारलं. नागपूर जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत आहे, तुमच्या जिल्ह्यातही असं केंद्र असेल. तिथे प्रश्न घेऊन जायला कोणाच्या ओळखीची गरज नसते. आम्ही शिकलो ते आता एकेक करून सांगतो. वही जवळ असेल तर लिहून घ्या.

पहिलं, गादी वाफा. आपली जमीन काळी, चिकणमातीची. ती पाणी पिऊन फुगते, धरून ठेवते, आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाची मुळं खोल जातात, त्याला ती मानवते. भाजीच्या नाजूक मुळांना पाण्यात श्वास मिळत नाही. म्हणून पावसाळ्यात भाजी जमिनीच्या वर उचलायची. दहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि अर्धा फूट उंच वाफा करायचा. तीन फुटांपेक्षा रुंद करायचा नाही, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. पाय पडला की माती दबते. दोन वाफ्यांमध्ये पाणी जायला सरी ठेवायची, आणि सरीचं तोंड उताराकडे.

दुसरं, रोपं तयार करणं. भेदरं, वांगं, मिरची यांचं बी थेट पेरायचं नाही. वेगळ्या वाफ्यावर चार बोटांच्या अंतराने रेघा ओढायच्या, बी अर्धा सेंटिमीटर ते एक सेंटिमीटर खोल टाकायचं, वरून चाळलेलं शेणखत भुरभुरायचं. पेरण्याआधी बियाला ट्रायकोडर्मा चोळायचा, किलोला ५ ग्रॅम या हिशेबाने, म्हणजे पुडीभर बियाला चिमूटभर. ही मित्रबुरशी आहे, रोप देठाशी सडू देत नाही. वाफ्यावर बारीक नायलॉन जाळी घालायची, म्हणजे पांढरी माशी बसत नाही आणि मिरचीवर चुरडामुरडा कमी येतो. भेदऱ्याचं रोप २५ ते ३० दिवसांत लावायला येतं, वांग्याला पाच आठवडे लागतात, मिरचीला सहा. लावणी संध्याकाळी करायची. आम्ही पहिल्यांदा सकाळी केली होती आणि दुपारपर्यंत रोपांनी माना टाकल्या होत्या.

तिसरं, खत. आम्हाला वाटायचं, शेण जेवढं जास्त तेवढं चांगलं. हिवाळ्याच्या हंगामात आम्ही उकिरड्यावरचं अर्धकच्चं शेणखत टोपल्यांनी टाकलं. मग उभी रोपं सुकायला लागली. उपटून पाहिलं तर मुळाशी पांढऱ्या जाड अळ्या, हुमणी. कच्च्या शेणात ती वाढते. तेव्हापासून नियम केला की हातात घेतलं तर शेणाचा वास येऊ नये, मातीचा यावा, असंच खत टाकायचं. सोबत जीवामृत. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी ते शेतकऱ्यांमध्ये पसरवलं, त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. वाडीपुरतं करायचं तर २० लिटर पाण्यात १ किलो देशी गाईचं शेण, १ लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. दोन-तीन दिवसांत तयार होतं, आठवड्याच्या आत वापरायचं. एक लिटरात दहा लिटर पाणी घालून मुळाशी द्यायचं.

चौथी गोष्ट आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या सुनेने शोधली. लवकीच्या वेलाला फुलं भरपूर, पण फळ धरेना. सगळ्या म्हणाल्या, नजर लागली. ती सून संध्याकाळी पाळीला यायची. तिने पाहिलं की काही फुलांच्या मागे बोटाएवढी बारीक लवकी असते आणि काहींच्या मागे नुसता देठ. देठाचं ते नर फूल, लवकीचं ते मादी. लवकीचं फूल संध्याकाळी उमलतं, त्या वेळी माश्या कमी असतात. मग संध्याकाळी नर फूल तोडून त्याचा पिवळा पराग मादी फुलात हलकेच लावायचा. आठ दिवसांत लवक्या लोंबल्या. कोहळ्याचं फूल सकाळी उमलतं, म्हणून ते काम सकाळी. त्या सुनेला घरी कोणी काही विचारत नव्हतं. आता सासूबाई शेजारणीला सांगतात, “आमच्या सुनेले इचारा.”

आता पाचवी गोष्ट. ही सांगावी की नाही यावर आमच्यात चर्चा झाली. जिच्याबद्दल आहे तीच म्हणाली, सांगा, नाव नका घेऊ.

दुसऱ्या वर्षी वांगी जोरात होती. पण शेंडे कोमेजायला लागले, फळांना भोकं दिसायला लागली. ही शेंडे आणि फळं पोखरणारी अळी. आमच्या एका ताईची त्या दिवशी पाळी होती. तिच्या घरी कपाशीवर फवारलेलं औषध उरलं होतं. वांगी वाचावीत, गटाचं नुकसान होऊ नये, या चांगल्या मनाने तिने ते पंपात घालून वांग्यावर मारलं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, तोडणीचा दिवस. त्यातली वांगी अंगणवाडीच्या खिचडीत जायची होती.

रात्री तिला झोप लागली नाही. पहाटे ती समन्वयकताईच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “मी काल औषध मारलं. पोरं खातीन नं ते.”

बहिणींनो, आपल्या विदर्भातल्या बाईला फवारणी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकऱ्यांचे, शेतमजुरांचे जीव गेले. ते वावरात झालं, उघड्या हवेत. इथे तर ते ताटात येणार होतं. मोनोक्रोटोफॉससारखी औषधं भाजीवर मारायला सरकारची कधीपासून बंदी आहे. डब्यावर कोणत्या पिकासाठी ते लिहिलेलं असतं. पण डबा घरातल्या पुरुषांच्या हातात असतो, आणि अक्षर एवढं बारीक असतं की चष्म्यानेही वाचता येत नाही.

सकाळी सातला सगळ्या जमलो. चाळीस किलोच्या आसपास वांगी होती. बाजाराचा दिवस जवळ होता. एकीने हळूच म्हटलं, धुऊन विकली तर? लगेच दुसरी म्हणाली, “विकत घेणारीच्या घरी पोरं नाहीत का?” पुढे कोणी बोललं नाही. आम्ही सगळी वांगी तोडली, वाडीच्या बाहेर, विहिरीपासून लांब खड्डा केला आणि पुरून टाकली. शेळ्यांनाही दिली नाहीत. झाडांवर त्या हंगामात पुन्हा फळ धरलं, पण ते आम्ही खाल्लं नाही, कोणाला दिलंही नाही. ती ताई रडत होती. मावशी तिला म्हणाल्या, “तू सांगितलं म्हणून आज सगळी पोरं बरी आहेत. घरी असतं तर सांगितलं असतं का तू?” तिने मान हलवली, नाही.

आम्ही यावर खूप विचार केला. घरी तिने सांगितलं नसतं, कारण तिला मार किंवा बोलणी मिळाली असती. भीतीने बाई चूक लपवते, आणि लपवलेली चूक पुढे ताटात येते. गटाच्या जागेत तिला सांगता आलं. आमच्या वाडीने आम्हाला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती, असं कोणी विचारलं तर आम्ही भाजी म्हणणार नाही. आम्ही म्हणतो, चुकलं तर सांगता येईल अशी एक जागा. त्या दिवशीच्या ठरावात तिच्यावर दंड लिहिला नाही. लिहिलं ते एवढंच : वाडीत विकतचं औषध येणार नाही, आणि काही शंका आली तर तोडणीआधी सांगायचं, सांगणारीला कोणी बोलायचं नाही.

मग किडीचं काय करायचं, तेही ऐका. वांग्याचा शेंडा कोमेजला की त्याच दिवशी खाली दोन बोटं राखून कापायचा आणि नष्ट करायचा, अळी त्यातच असते. कामगंध सापळे लावायचे. भेदऱ्याच्या ओळींमध्ये झेंडू लावायचा, फळ पोखरणारी अळी आधी झेंडूवर जाते. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांना पिवळे चिकट सापळे. घरी जुन्या पत्र्याला पिवळा रंग देऊन एरंडीचं तेल लावलं तरी चालतं. आणि निंबोळी अर्क. पावसाच्या तोंडावर लिंबाखाली निंबोळ्या पडतात, त्या वेचून सावलीत वाळवायच्या. दहा लिटर फवाऱ्यासाठी अर्धा किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी कपड्याने गाळायची, २० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवायचा, दहा लिटर पाणी पुरं करायचं आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारायचं. उन्हात फवारलं तर त्याचा जोर जातो. कीड दिसल्यावर धावायचं नाही, आधीपासून दर दहा-बारा दिवसांनी मारत राहायचं. हे लगेच मारून टाकणारं औषध नाही, किडीची भूक मोडणारं आहे. तेवढा धीर ठेवावा लागतो.

सहावं, बी. पहिल्या वर्षी दुकानातल्या संकरित भेदऱ्याचं बी आम्ही राखलं. दुसऱ्या वर्षी एकाच ओळीत एक झाड उंच, एक बुटकं, एकाला मोठं फळ, एकाला गोळीएवढं. दुकानदाराने फसवलं असं वाटलं. तसं नव्हतं. संकरित बी राखलं की पुढच्या पिढीत ते फुटतं, दर वर्षी विकतच आणावं लागतं. राखायचं तर देशी बी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेची पायरी चढल्या नाहीत, पण त्यांनी गावरान बियांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं ऐकल्यावर मावशी म्हणाल्या, माझ्या माहेरी गावरान वालाचं, पोपटाचं बी आहे. पुढच्या खेपेला पदराच्या गाठीत बांधून घेऊन आल्या. आता वाल, बरबटी, लवकी, कोहळं, अंबाडी, वांगं यांचं बी आमचं आहे. पहिली चांगली फळं खायची नाहीत, त्यांना दोरा बांधून बियाला राखायचं. बी सावलीत वाळवायचं, चुलीची राख चोळायची, आणि झाकणाच्या मडक्यात ठेवायचं.

आता भाजी आली की वाटायची कशी, यावरही भांडण झालं. काही जणी म्हणाल्या, सगळी विका, कर्जाचा हप्ता निघेल. त्यांचं चूक नव्हतं, हप्ता डोक्यावर होता. पण आम्ही सुरुवातीचा प्रश्न आठवला, आज घरी भाजी काय? मग नियम झाला : तोडणीच्या दिवशी आधी प्रत्येक घरी किलोभर, मग अंगणवाडीचा वाटा, आणि उरेल ते बाजारात. विक्रीचे पैसे गटाच्या खात्यात. पैसा फार नाही येत. बियाण्याचा आणि जाळीचा खर्च निघतो, आणि थोडं शिल्लक पडतं. ज्या बाईला वाटत असेल की पाच गुंठ्यांत लाखो होतात, तिला आम्ही खोटं सांगणार नाही. होतं काय, तर बाजाराच्या पिशवीत भाजीवर जाणारे पैसे वाचतात, आणि ताटात हिरवं दिसतं.

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. नैवेद्याला सोळा भाज्या लागतात. दर वर्षी त्या सोळा भाज्या गोळा करायला आदल्या दिवशी नागपूरला माणूस पाठवावा लागायचा. आमच्या गटात सगळ्यांच्या घरी महालक्ष्म्या बसत नाहीत, काही घरं बुद्धविहारात जाणारी आहेत. पण मागच्या भाद्रपदात मोजायला बाराही जणी वाडीत आल्या. भेंडी, गवार, बरबटी, दोडकं, पडवळ, लवकी, कोहळं, काकडी, वांगं, अंबाडी, चवळई. अकरा झाल्या. पाच विकत आणल्या : बटाटा, फुलकोबी, पत्ताकोबी, मेथी आणि भेदरं. भेदऱ्यांचा वाफा पुन्हा पावसाने धरू दिला नव्हता. ते आम्हाला अजून जमलेलं नाही.

आता सध्याचं सांगून थांबतो. ठरावाची तीन वर्षं येत्या ग्रामसभेत पुरी होत आहेत. त्या जागेवर सभागृह बांधावं असं गावातल्या काहींचं म्हणणं आहे. सभागृहही गावाला हवं, आम्ही वैर धरत नाही. पण महिलांच्या सभेत आम्ही वह्या घेऊन जाणार आहोत : अंगणवाडीला किती भाजी गेली, किती घरांत गेली, किती जणी शिकायला आल्या. जागा गेली तर वाईट वाटेल, ते लपवत नाही. म्हणून यंदा पावसाच्या आधीच प्रत्येकीने आपल्या दारी किंवा वावराच्या धुऱ्यावर दोन-दोन गादी वाफे केले आहेत. मावशींनी घरी कोणाला विचारलं नाही. नुसतं सांगितलं, “इथं मी वाल लावून राहिले.”

तुमच्या गावात असं काही करायचं असेल तर मोठं करू नका. एक गुंठा, पाच-सहा जणी, आणि दोन सोप्या भाज्या. उमेद अभियानाची ‘माझी पोषण परसबाग’ मोहीम असते, तुमच्या गावच्या कृषी सखीला विचारा. आणि पहिल्याच बैठकीत ठरवून टाका की चुकलं तर सांगायचं आणि सांगणारीला बोलायचं नाही. बाकी सगळं माती शिकवते.

आमच्याकडे पोपटाचं आणि अंबाडीचं बी यंदा जास्तीचं आहे. वाडीवर या आणि मूठभर घेऊन जा. पुढच्या वर्षी तुमच्याकडची मूठभर दुसरं कोणतं बी आम्हाला आणून द्या, एवढीच त्याची किंमत.